गव्हाची घात मार्चकडून मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी उरकली की गावच्या पारावर आणि कृषी सेवा केंद्राच्या ओट्यावर एकच वाक्य ऐकू येते, ‘जरा थंडी पडू द्या, मग गहू टाकू.’ वाक्य खोटे नाही, पण अर्धे आहे. उरलेल्या अर्ध्याची किंमत महाराष्ट्रातला गहू उत्पादक दरवर्षी मळणीच्या वेळी मोजतो. गव्हाच्या दृष्टीने थंडी सुरू कधी होते यापेक्षा ती संपते कधी, हे जास्त मोलाचे. त्यामुळे गव्हाची घात, म्हणजे पेरणीची योग्य वेळ, फेब्रुवारीअखेरच्या उन्हापासून मागे दिवस मोजत ठरवायला हवी. हे पत्र त्यासाठीच आहे.

आधी थंडीविषयी. युरोपात बर्फाखाली थंडी काढणारा हिवाळी गहू काही आठवडे कडाक्याची थंडी खाल्ल्याशिवाय ओंबीच टाकत नाही. आपले वाण त्या जातीचे नाहीत. 1960 च्या दशकात मेक्सिकोतून लर्मा रोहो, सोनोरा 64 हे बुटके वाण आले आणि पुढचे बहुतेक सरबती वाण त्याच वळणाचे झाले. त्यांना फुलण्यासाठी थंडीची अट नाही आणि दिवस लहान आहे की मोठा याचेही फारसे सोयरसुतक नाही. मग थंडी करते काय? ती पिकाला वेळ देते. गव्हाचे रोप कॅलेंडर बघत नाही, ते ऊब मोजते. दिवसाच्या कमाल आणि किमान तापमानाची सरासरी काढून ती रोज बेरजेला टाकत गेलो, तर साधारण दर 100 एककांना रोपाला एक नवे पान येते. सरासरी 18 अंश असेल तर पानाला साडेपाच दिवस लागतात, 25 अंशांना चारच दिवस. वाढीचा प्रत्येक टप्पा असाच आखडतो किंवा लांबतो. पंजाब-हरियाणात गहू 140 ते 150 दिवस रानात उभा असतो, आपल्याकडे 105 ते 115. त्यांच्या आणि आपल्या उताऱ्यातल्या फरकाचा मोठा वाटा या महिनाभरात आहे. जमीन किंवा मेहनत यांना त्याचा दोष देण्यात अर्थ नाही.

आता दोन पेरण्या शेजारी शेजारी ठेवून बघू. 10 नोव्हेंबरला पेरलेला वेळेवरचा गहू सहा-सात दिवसांत उगवतो. नोव्हेंबरअखेर मुकुटमुळे (खोडाच्या बुडाशी येणारी मुख्य मुळे) फुटतात, 20 डिसेंबरच्या आसपास पीक कांडी धरते, 11 जानेवारीच्या सुमारास फुलोऱ्यात येते आणि फेब्रुवारी सरता सरता काढणीला येते. म्हणजे दाणा भरण्याचा सगळा काळ मध्य जानेवारी ते मध्य फेब्रुवारीत बसतो, वर्षातल्या गार पट्ट्यात. तोच गहू 10 डिसेंबरला पेरला तर थंड मातीत उगवायलाच आठ-नऊ दिवस घेतो. नंतर मात्र धावत सुटतो, पंचावन्न दिवसांत, 3-4 फेब्रुवारीला फुलतो आणि मार्चच्या मध्यात वाळून जातो. सुरुवातीला रांगतो आणि शेवटी पळतो, म्हणजे उशिराचे पीक दोन्ही टोकांना मार खाते.

दाण्याचा हिशेब तर सरळ आहे. फुलोऱ्यापासून पक्वतेपर्यंत 700 एकके लागतात असे धरले, तर सरासरी 20 अंशांत ती 35 दिवसांत जमतात आणि 26 अंशांत 27 दिवसांत. आठ दिवस गेले. दाणा उष्णतेत रोज थोडा वेगाने भरतो हे खरे, पण तो वेग गेलेल्या दिवसांची भरपाई करण्याइतका वाढत नाही. पान साखर तयार करत असते, तरीही तिचा स्टार्च बनवणारी दाण्यातली विकरे कडक उन्हात मंदावतात. मग दाणा सुरकुततो, चिमतो, त्याचा वजनी उतारा पडतो आणि व्यापारी पोत्यात हात घालून भाव पाडतो. पीक पोटरीत (ओंबी अजून पानाच्या आवरणात) किंवा फुलोऱ्यात असताना पारा काही दिवस 30 च्या वर राहिला, तर परागकण वांझ होतात आणि ओंबीत मध्ये मध्ये रिकामी टरफले दिसतात. ही चूक नंतर खताने किंवा फवारणीने भरून निघत नाही.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस जुनी आणि स्पष्ट आहे. जिरायत गहू ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, बागायत वेळेवर 1 ते 15 नोव्हेंबर, बागायत उशिरा 15 डिसेंबरपर्यंत. 15 नोव्हेंबरनंतर प्रत्येक पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी अडीच क्विंटल, म्हणजे एकरी एक क्विंटल घट. 15 डिसेंबरनंतरची पेरणी परवडत नाही. यातला ‘एकरी एक क्विंटल’ हा आकडा ऐकून अनेक जण खांदे उडवतात. तो सरासरीचा आकडा आहे आणि सरासरीत वाईट वर्ष लपते, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

उत्पादन म्हणजे तीन गोष्टींचा गुणाकार: चौरस मीटरमधल्या ओंब्या, ओंबीतले दाणे आणि दाण्याचे वजन. उदाहरणापुरते 400 ओंब्या, 30 दाणे आणि हजार दाण्यांचे 40 ग्रॅम वजन धरा. हेक्टरी 48 क्विंटल होतात. उशिरा पेरल्याने फुटवे जरा कमी, ओंबी जरा आखूड, दाणा जरा हलका, म्हणजे 380, 29 आणि 38 झाले. तिन्ही आकडे कागदावर किरकोळ वाटतात, पण गुणाकार 42 वर येतो. त्यात दाणा चिकात असताना चार दिवस उष्ण वारे आले आणि हजार दाण्यांचे वजन 32 वर घसरले, की हेक्टरी 35 क्विंटल. 10 नोव्हेंबरच्या पेरणीला त्या वाऱ्यांचा उपद्रव नसतो, तोवर तिची सोंगणी झालेली असते. 2022 चा मार्च देशातल्या 122 वर्षांच्या नोंदींतला सर्वांत उष्ण मार्च ठरला आणि त्याच वर्षी 13 मे रोजी केंद्राने गव्हाची निर्यात थांबवली. अशी वर्षे आता अपवाद मानून चालणार नाही.

घाईचीही किंमत असते. ओलिताची सोय असताना ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात गहू टाकणारे काही भागांत आहेत. त्या वेळी दिवसाचा पारा 32-33 अंशांवर आणि माती गरम असते. रोप सरळ वर जाते, फुटवे धरत नाही, महिन्याभरातच कांडीवर येते आणि बारीक काडीवर आखूड ओंबी घेऊन डिसेंबरात फुलते. जानेवारीची सगळी थंडी त्या पिकाच्या उपयोगाची राहत नाही. जिरायत गव्हाची गोष्ट वेगळी. तिथे जमिनीतली ओल हेच भांडवल असते आणि उबेपेक्षा ओलीचा धाक मोठा, म्हणून तिथे ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडाच बरोबर. पंचवटी, शरद, नेत्रावती हे त्यासाठीचे वाण आहेत. जिरायत शिफारशीची तारीख बागायत रानाला लावण्याचा गोंधळ मात्र टाळावा.

उशीर होतो कुठे? आळसात कमी, रान मोकळे होण्यात आणि ओलवणीत (पेरणीआधी रान भिजवण्यात) जास्त. सोयाबीन ऑक्टोबरच्या मध्यापासून निघते, तिथे वेळ गाठणे सहज शक्य आहे. तरीही सोयाबीननंतर नांगरट, मग ढेकळे फोडणे, मग चार पाळ्या यात दहा-बारा दिवस घालवले जातात. सोयाबीनचे रान भुसभुशीत असते, कुळवाच्या दोन पाळ्या आणि सारे पाडणे पुरते. नांगरट उन्हाळ्यात करावी. कपाशीच्या रानाचे गणित अवघड आहे. शेवटच्या वेचणीच्या लोभाने पीक डिसेंबरात जाते आणि गव्हाची घात निघून जाते. अशा लांबवलेल्या पिकाने, म्हणजे फरदडीने, गुलाबी बोंडअळीलाही आसरा मिळतो, म्हणजे दोन्हीकडून तोटा. ऊस तुटून गेलेल्या रानात डिसेंबर उजाडणारच. तिथे सरळ उशिराच्या पेरणीचे नियोजन करावे, वेळेवरच्या वाणाची पिशवी आणून ठेवू नये.

भारी काळ्या रानात ओलवणीनंतर वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, यायला आठ-दहा दिवस लागतात, मध्यम रानात पाच-सहा. म्हणजे 10 नोव्हेंबरला पेरायचे तर भारी रानात पाणी महिन्याच्या सुरुवातीलाच फिरले पाहिजे. दिवस वाचवायला काही जण कोरड्यात पेरून वर पाणी सोडतात. सारे सपाट असतील आणि पाणी हलके देता येत असेल तरच ते जमते. भारी रानात पाणी तुंबून बी कुजते, वर पपडी धरते आणि कोंब खालीच वळतो. नाइलाजाने तसे केलेच, तर उगवण होत असताना एक हलके आंबवणीचे (पेरणीनंतरचे दुसरे) पाणी द्यावे म्हणजे पपडी मऊ होते. तुषार संच असेल त्याने याच कामासाठी तो आधी वापरावा.

पेरणी 5 ते 6 सेंटिमीटर खोल. बुटक्या वाणांचा कोंबही बुटका असतो. आठ-नऊ सेंटिमीटर खाली गेलेले बी उगवले तरी आठवडाभर मागे राहते, म्हणजे वेळेवर पेरून उशिराचे पीक केल्यासारखे झाले. दोन चाड्यांच्या पाभरीने खत आणि बी एकाच वेळी पडते. उभी-आडवी पेरणी करू नये, आंतरमशागतीला जागा राहत नाही.

बियाण्याबद्दल जरा सविस्तर, कारण इथे सवयीने काम चालते. वेळेवरच्या पेरणीला हेक्टरी 100 किलो, ओळींत 20 सेंटिमीटर. उशिराच्या पेरणीला 125 किलो आणि 18 सेंटिमीटर. कारण उघड आहे: उशिराच्या पिकाला फुटवे काढायला वेळ नसतो, त्यामुळे ओंब्यांची संख्या मूळ रोपांतूनच आणावी लागते. पण किलो हे अर्धवट माप आहे. हजार दाण्यांचे वजन 40 ग्रॅम असेल तर 100 किलोत 25 लाख दाणे बसतात आणि 85 टक्के उगवणीला हेक्टरी 21 लाखांवर रोपे मिळतात, जी हवीच असतात. तेच बियाणे 48 ग्रॅमचे टपोरे असले, तर 100 किलोत 21 लाखही दाणे नसतात आणि रोपे 18 लाखांच्या आत येतात. घरचे लोकवन किंवा बन्सी वापरणाऱ्यांनी हजार दाणे मोजून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवावेत. हिशेब सोपा आहे: चौरस मीटरमधली हवी ती रोपे गुणिले हजार दाण्यांचे ग्रॅम भागिले उगवणीची टक्केवारी, की हेक्टरी किलो मिळतात. 220 गुणिले 48 भागिले 85 केले, की 124 किलो येतात. 100 किलोवर भागवणाऱ्या माणसाचे पीक पहिल्या दिवसापासूनच विरळ असते.

वाणांत तपोवन, त्र्यंबक, एमएसीएस 6222 हे सरबती आणि गोदावरी हा बन्सी वेळेवरसाठी. एनआयएडब्ल्यू 34 आणि एकेएडब्ल्यू 4627 उशिरासाठी. फुले समाधान दोन्हींसाठी शिफारस केलेला आहे आणि ज्याची पेरणीची तारीख पाण्याच्या पाळीवर अवलंबून आहे, त्याने हाच निवडलेला बरा. उशिराचा वाण म्हणजे जादू नव्हे. तो लवकर पक्व होतो आणि उन्हात दाण्याचे वजन बऱ्यापैकी टिकवतो, एवढेच. तोच वाण नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरला, तर त्याच्या लवकर येण्याचाच तोटा होतो, मिळालेली थंडी वापरायच्या आत पीक तयार. बियाण्याच्या दुकानात यावर सल्ला मागू नये असे म्हणत नाही, पण पिशवीवरची शिफारस वाचून घ्यावी.

खतात फरक नत्राचाच आहे. वेळेवरच्या पेरणीला हेक्टरी 120 किलो नत्र, 60 स्फुरद, 40 पालाश. उशिराला नत्र 90 किलो, बाकी तेवढेच. एकराच्या भाषेत सांगायचे तर वेळेवरच्या पिकाला पेरताना डीएपी 52 किलो, युरिया 32 किलो, म्युरेट ऑफ पोटॅश 27 किलो आणि तीन आठवड्यांनी युरियाची 52 किलोंची दुसरी मात्रा. उशिराला युरिया पेरताना 19 आणि नंतर 39 किलो. उशिराच्या पिकाला ‘उशीर भरून काढायला’ जास्त युरिया देण्याची पद्धत घातक आहे. पीक हिरवेगार दिसते, मावा त्याच हिरवेपणावर येतो, तांबेरा त्या दाट लवलवीत पानापानावर पसरतो आणि पक्वता आणखी चार दिवस पुढे, म्हणजे उन्हात ढकलली जाते. युरियाची दुसरी मात्रा तीन आठवड्यांनंतर रेंगाळू देऊ नये. ओंबी बाहेर दिसते फार उशिरा, पण तिच्यातल्या कणिशकांची (दाणे धरणाऱ्या छोट्या घोसांची) मांडणी रोप वीतभर असतानाच शेंड्यात सुरू होते आणि कांडी धरेपर्यंत त्यांची संख्या ठरून जाते. पंचेचाळिसाव्या दिवशी टाकलेल्या युरियाने पान रंगते, ओंबी लांबत नाही.

पाण्याच्या नाजूक अवस्था बहुतेकांना पाठ आहेत: 18 ते 21 दिवसांनी मुकुटमुळे, 40 ते 42 दिवसांनी कांडी, 60 ते 65 ला फुलोरा, 80 ते 85 ला दाणा भरताना. उशिराच्या पिकात हे दिवस मागे सरकतात. पंचावन्नाव्या दिवशी फुलणाऱ्या पिकाला ‘साठाव्या दिवसाचे’ पाणी देणारा पाच दिवस चुकलेला असतो, आणि तेही फेब्रुवारीत. म्हणून तिथे दिवस न मोजता पीक उकलून बघावे. पोटरी फुगली की पाणी. दुपारचे वारे तापू लागले तर दाणे भरताना पाण्याची पाळी लांबवू नये, पण वारा असताना पाणी सोडू नये, पीक लोळते. उष्णतेच्या तडाख्यात म्युरेट ऑफ पोटॅशची 0.2 टक्के फवारणी, म्हणजे एकरी 200 लिटर पाण्यात 400 ग्रॅम, एकदा पोटरीत आणि एकदा फुलोऱ्यानंतर घ्यावी असा सल्ला गहू संशोधक देतात. तिने थोडा आधार मिळतो. पंधरवड्याचा उशीर मात्र तिने भरून निघत नाही.

15 डिसेंबर उलटून गेल्यावरही ‘खाण्यापुरता’ म्हणून गहू पेरला जातो. घरच्या पोळीसाठी दहा गुंठे ठीक. एकर-दोन एकराला मात्र त्या पाण्यात उन्हाळी भुईमूग किंवा बाजरी बघावी. दोन्हींची पेरणी 15 जानेवारीपासून 15 फेब्रुवारीपर्यंत होते, म्हणजे रानाची तयारी शांतपणे करायला महिना मिळतो.

आता शासनाच्या दारातला मुद्दा. सिंचनाच्या हिशेबात रब्बी हंगाम 15 ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर आणि 1 मार्चपासून उन्हाळी हंगाम. धरणांत रब्बीसाठी किती पाणी आहे हे 15 ऑक्टोबरला समजलेले असते. तरीही कालवा सल्लागार समितीची बैठक, मागणी अर्ज, चाऱ्यांची (पोटकालव्यांची) साफसफाई असे करता करता काही लाभक्षेत्रांत पहिले आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सुटते. तिथल्या शेतकऱ्याला तपोवन पेरा की समाधान, हा सल्ला देण्यात अर्थ उरत नाही, त्याची तारीख कालव्याने ठरवून टाकलेली असते. शिवाय डिसेंबरात पेरलेल्या पिकाचे शेवटचे पाणी मार्चमध्ये, उन्हाळी हंगामात जाते. त्याची पाणीपट्टी जास्त, आणि ते मिळेलच याची खात्री नाही. कृषी विभाग वेळेवर पेरा म्हणतो आणि पाणी उशिरा येते, या दोन खात्यांच्या तारखा एका कागदावर यायला हव्यात.

मागणी मोजकी आहे. समितीच्या बैठका ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात घ्याव्यात, पहिल्या आवर्तनाची तारीख 15 ऑक्टोबरला साठा कळताच जाहीर करावी, आणि दुसरे आवर्तन पहिल्यानंतर महिन्याभरात, मुकुटमुळांच्या वेळेला गाठेल असे बसवावे. चारीची साफसफाई सप्टेंबरात करण्याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. पाणी 25 ऑक्टोबरला सुटले, तर टेलच्या (कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या) शेतकऱ्याचे भारी रानसुद्धा 15 नोव्हेंबरच्या आत वाफशावर येते. 20 नोव्हेंबरला सुटले, तर मुखाशी असलेल्याचा गहूही उशिराचाच असतो, आणि टेलवाल्याची पेरणी थेट 15 डिसेंबरला जाऊन भिडते.

आपला,
कृषी विस्ताराच्या कामातील एक वाचक, जि. नाशिक